डीएनए अहवाल शेवटच्या ओळीपासून वाचू नका: नाशिकमध्ये वकील आणि तज्ज्ञांचा एकत्र वर्ग कसा घ्यावा

माझ्या पहिल्या डीएनए खटल्यात मी आरोपीच्या बाजूने होतो. तज्ज्ञ मॅडम पिंजऱ्यात आल्या आणि मी त्यांना मोजून चार प्रश्न विचारले. चौथा होता, ‘तुमच्या तपासणीत चूक होऊ शकते, हे खरं आहे का?’ ‘असं म्हणणं खरं नाही,’ मॅडम म्हणाल्या. स्टेनोने ते टाइप केलं, मी खाली बसलो. नंतर जिन्यात त्यांनी काखेतली जाड फाइल दाखवली. ‘ग्राफ, कंट्रोलचे कागद, सगळं आणलं होतं. कुणी उघडायलाच सांगितलं नाही.’ मी नाही, सरकारी वकिलांनीही नाही. फाइल जशी आली तशी परत गेली.

ही फाइल कोर्टाबाहेर, खटला नसताना, दोन्ही बाजूंच्या वकिलांनी आणि तज्ज्ञांनी एका टेबलावर उघडावी, एवढ्यासाठी हा वर्ग. वकिलांचं वेगळं प्रशिक्षण होतं, शास्त्रज्ञांचं वेगळं होतं आणि दोघं पहिल्यांदा समोरासमोर येतात ते थेट साक्षीत. तिथे शिकायची सोय नसते. खाली लिहिलेली पद्धत दोन दिवसांची आहे. चौथा शनिवार आणि त्याला लागून येणारा रविवार धरा, म्हणजे कोर्टकाम आड येत नाही.

आधी माणसं जमवा

पंचवीसच्या वर लोक घेऊ नका, नाहीतर वर्गाचं व्याख्यान होतं. बचावाचे आणि सरकारी वकील निम्मे-निम्मे, मालेगाव-निफाडकडचे दोन-चार जण आवर्जून. तज्ज्ञ पाच-सहा. दिंडोरी रोडच्या प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेतले अधिकारी बोलवायचे तर लेखी परवानगीचं पत्र आधी गेलं पाहिजे. संचालनालय मुंबईत कालिन्याला आहे, टपालाला वेळ धरा. सरकारी रुग्णालयात नमुने घेणारा एखादा डॉक्टर, एक तपासी अंमलदार आणि एक मुद्देमाल कारकून. शेवटच्या माणसाला कुणी बोलवत नाही. माझ्या अनुभवात दोन दिवसांत सगळ्यांत जास्त शिकवून जातो तोच.

पहिल्याच तासाला एक नियम फळ्यावर लिहा: चालू खटल्याचा उल्लेख नाही. कुणी ‘समजा, एका केसमध्ये...’ म्हणून सुरुवात केली की थांबवा. उद्या त्याच तज्ज्ञाला त्याच वकिलाने तपासायचं असतं.

बनावट फाइल तयार करा

खऱ्या खटल्यातली नावं खोडून फाइल बनवायचा मोह आवरा. आपल्याकडे तालुका आणि महिना सांगितला की अर्धी बार रूम आरोपीचं नाव सांगते. आणि लैंगिक गुन्ह्यात पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. त्यापेक्षा गोष्ट रचा. आमची अशी आहे:

दिंडोरी तालुक्यातली द्राक्षबाग. जानेवारीच्या रात्री शेडमधली मोटार आणि केबल चोरीला जाते, राखणदाराला मारहाण होते. शेडच्या दारात छाटणीची कात्री सापडते, तिच्या मुठीवर रक्त. अहवाल म्हणतो, कात्रीवरचा डीएनए आणि आरोपीच्या रक्ताचा डीएनए जुळतो. एवढ्यावर वर्गातले निम्मे वकील ‘संपली केस’ म्हणतात. मग आरोपीचा जबाब वाटायचा: तो त्याच बागेत ऑक्टोबर छाटणीला रोजंदारीवर होता आणि तेव्हा त्याचं बोट कापलं होतं. रक्त त्याचंच आहे, भांडण त्यावर नाहीच. ते जानेवारीच्या झटापटीत सांडलं की ऑक्टोबरच्या छाटणीत, हे डीएनए सांगत नाही. डीएनए ‘कुणाचं’ सांगतो. ‘कधी’ आणि ‘कसं’ हे बाकीच्या पुराव्याने दाखवावं लागतं.

फाइलमध्ये फिर्याद, घटनास्थळ पंचनामा, जप्ती, वैद्यकीय कागद, प्रयोगशाळेला पाठवायचं पत्र, मुद्देमाल रजिस्टरचं पान, प्रयोगशाळेची पोच, अहवाल, ग्राफ आणि कंट्रोलची (तपासणी नीट चालली का ते पडताळणाऱ्या चाचण्यांची) पानं घाला. त्यात तीन चुका पेरा. आमच्या पेरलेल्या चुका: पंचनाम्यात खाकी कागदी पाकीट आणि पोचपावतीत प्लास्टिकची पिशवी, बागेच्या नेहमीच्या गड्याचा नमुनाच घेतलेला नाही, आणि रिएजंट ब्लँकच्या (नमुना न घालता नुसत्या रसायनांच्या चाचणीच्या) पानावर, जिथे काहीच दिसायला नको, तिथे एक बारीक शिखर.

पहिली सकाळ: नमुन्याचा प्रवास

सकाळी विज्ञान नको. फळ्यावर कात्री काढा आणि ती किती हातांतून गेली ते मोजायला लावा: जप्त करणारा, पंचनामा लिहिणारा, ठाण्यात आणणारा, मुद्देमाल कारकून, पोहोचवणारा हवालदार, प्रयोगशाळेत घेणारा, उघडणारा. प्रत्येक हातापुढे तीन रकाने: तारीख, सील कसं होतं, कागद कोणता. रिकामा राहिलेला रकाना म्हणजे उलटतपासणीचा प्रश्न. सरकारी वकिलासाठी तोच साक्षीदार आधी बोलवायचा इशारा.

हे का महत्त्वाचं, ते सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतून दाखवा. राहुल विरुद्ध दिल्ली राज्य या नोव्हेंबर २०२२ च्या निकालात १४ आणि १६ फेब्रुवारी २०१२ ला घेतलेले नमुने २७ फेब्रुवारीला प्रयोगशाळेकडे गेले होते; मधले दिवस ते ठाण्याच्या मालखान्यात. न्यायालयाने फेरफाराची शक्यता नाकारता येत नाही असं म्हटलं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अहवालातल्या निष्कर्षांचा आधार काय आणि तंत्र विश्वासार्हपणे वापरलं गेलं का, हे खालच्या न्यायालयांनी तपासलंच नाही, असं नोंदवलं. मे २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका फाशीच्या खटल्यात नमुने पाठवायला झालेला उशीर आणि साखळीतली भगदाडं हा मुद्दा पुन्हा आला.

आता सगळ्यांनी पाठच करावा असा निकाल म्हणजे कट्टावेल्लई विरुद्ध तामिळनाडू राज्य, जुलै २०२५. त्यात देशभरासाठी सूचना आहेत. नमुन्याच्या पाकिटावर गुन्हा क्रमांक, कलम, तपासी अंमलदार, पोलीस ठाणं हे सगळं हवं. नमुना प्रयोगशाळेत पोहोचवायची जबाबदारी तपासी अंमलदाराची, आणि ते ४८ तासांत व्हावं. उशीर झाला तर कारण नोंदवावं. एकदा ठेवलेला नमुना न्यायालयाच्या परवानगीशिवाय उघडायचा, बदलायचा, पुन्हा सील करायचा नाही. आणि गोळा केल्यापासून निकालापर्यंतचं साखळी रजिस्टर खटल्याच्या कागदपत्रांना जोडायचं. आमच्या मुद्देमाल कारकुनाने यावर एकच प्रश्न विचारला होता: ‘साहेब, शनिवारी संध्याकाळी सुरगाण्याहून निघालेला नमुना रविवारी घेतो कोण?’ या प्रश्नावर अर्धा तास द्या. उत्तर तुमच्या वर्गातल्या लोकांकडूनच काढा.

डॉक्टरांनी इथे दहा मिनिटांत साहित्य दाखवावं. रक्त ईडीटीएच्या, म्हणजे जांभळ्या झाकणाच्या नळीत आणि थंड. हेपॅरिनची नळी नको, कारण हेपॅरिन पुढच्या रासायनिक क्रियेत अडथळा आणतं. ओला कपडा आधी सावलीत वाळवायचा, मग कागदात. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते आणि जंतू डीएनए खातात. ऊतींचे तुकडे फॉर्मलिनमध्ये टाकले तर डीएनएची वाट लागलीच समजा. आरोपीला अलीकडे रक्त चढवलंय का, कधी बोनमॅरो बदललाय का, हे विचारून लिहून ठेवायचं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची ५१, ५२ आणि १८४ ही आरोपीच्या आणि पीडितेच्या वैद्यकीय तपासणीची कलमं डॉक्टरांना माहीत असतात असं गृहीत धरू नका. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाच्या घटनास्थळ भेटीचं कलम १७६(३) आहे. राज्याने त्याची अधिसूचना कधीपासून काढली ते आपल्या खटल्याच्या तारखेशी पडताळून घ्या.

पहिली दुपार: एक ग्राफ, एक तास

प्रयोगशाळेतल्या पायऱ्या तज्ज्ञांनी पंधरा मिनिटांत सांगाव्यात: पेशींतून डीएनए काढणं, किती आहे ते मोजणं, ठरावीक जागांच्या लाखो प्रती काढणं, त्या लांबीप्रमाणे वेगळ्या करणं. एका पेशीत साधारण ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो, म्हणजे एक नॅनोग्रॅमला दीडशेच्या आसपास पेशी पुरतात. हा आकडा वकिलांनी लक्षात ठेवावा. इतक्या थोड्यावर काम चालतं म्हणूनच दुसऱ्याचा थोडासा डीएनएही दिसतो.

मग ग्राफ. अहवालातला तक्ता झाका. फक्त ग्राफ द्या, पट्टी-पेन्सिल द्या. आमच्या फाइलमधली तीन ठिकाणं अशी:

डीएनएवरच्या ठरावीक जागी एक छोटा तुकडा ओळीने जितक्या वेळा येतो तो त्या जागेचा आकडा, आणि ग्राफवर त्या आकड्यावर शिखर दिसतं. डी८एस११७९ या जागी १२ वर १४८० उंचीचं शिखर, १४ वर १३९० चं आणि १३ वर ११८ चं. आरोपीचे आकडे १२ आणि १४. मग १३ कुणाचं? प्रती काढताना यंत्रणा एखादी पायरी, म्हणजे एक तुकडा, गाळते आणि खऱ्या शिखराच्या एक पायरी अलीकडे छोटं शिखर उभं राहतं. त्याला स्टटर म्हणतात. ११८ ला १३९० ने भागा: साडेआठ टक्के. स्टटर बहुधा १५ टक्क्यांच्या आत असतो, तेव्हा हे स्टटर म्हणता येईल. पण दुसऱ्या माणसाचा १३ त्याच्याखाली लपलेला असू शकतो का? असू शकतो. तज्ज्ञाने इथे ‘हो’ म्हणायला शिकायचं.

डी२१एस११ वर २८, ३० आणि ३१.२, उंची ९००, ८७० आणि ३१०. एका माणसाकडे एका जागी जास्तीत जास्त दोन आकडे, एक आईकडून, एक बापाकडून. ३१.२ हे २८ किंवा ३० चं स्टटर असू शकत नाही. म्हणजे मुठीवर दुसरा कुणीतरी आहे. आणि आमच्या फाइलच्या अहवालात ‘मिश्रण’ हा शब्दच नाही! इथे वर्गात कुजबुज सुरू होते. मग गड्याचा नमुना घेतला नव्हता ते कुणाला तरी आठवतं.

तिसरी जागा एफजीए. आरोपी २२ आणि २५. ग्राफवर फक्त २२, उंची १४०. आमच्या बनावट प्रयोगशाळेची स्टोकॅस्टिक सीमा २०० आहे. तिच्या खालच्या एकट्या शिखराचा जोडीदार गळालेला असू शकतो. उन्हा-दमटीत पडून राहिलेल्या नमुन्यात डीएनएचे लांब तुकडे आधी तुटतात, म्हणून लांब जागांची शिखरं आधी खाली बसतात. इथे ‘जुळतो’ही म्हणता येत नाही आणि ‘जुळत नाही’ही. प्रयोगशाळेने अशी जागा मोजणीत धरली की सोडली, आणि तो नियम ग्राफ बघण्याआधी ठरला होता की आरोपीचे आकडे समोर ठेवून, हा विचारायचा प्रश्न.

रिएजंट ब्लँकचं बारीक शिखर सगळ्यांत शेवटी दाखवा आणि सोबत जर्मनीतली गोष्ट सांगा. हाइलब्रॉनला २००७ मध्ये एका महिला पोलिसाच्या खुनात सापडलेला डीएनए कित्येक गुन्ह्यांच्या ठिकाणी मिळत होता. पोलीस एका अज्ञात बाईला शोधत होते. २००९ मध्ये कळलं, की ती बाई नमुने घ्यायच्या कापसाच्या काड्या जिथे भरल्या जात त्या कारखान्यात काम करणारी होती. काड्या निर्जंतुक होत्या, डीएनएमुक्त नव्हत्या.

दुसरी सकाळ: आकडे आणि भावकी

वकिलांना आकड्यांची भीती असते, म्हणून हिशेब नाशिकचाच घ्या. समजा, अर्धवट प्रोफाइल आहे, म्हणजे सगळ्या जागांचे आकडे मिळालेले नाहीत, आणि अहवाल म्हणतो, असं प्रोफाइल लाखात एकाचं असतं. सरकारी वकील म्हणतात, ‘म्हणजे आरोपी निर्दोष असण्याची शक्यता लाखात एक.’ चूक. २०११ च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाखांच्या वर होती. या हिशेबाने जिल्ह्यातच अशी साठेक माणसं निघतील. लगेच बचावाचा वकील उठतो, ‘म्हणजे माझा अशील साठांतला एक, पुरावा शून्य!’ तेही चूकच, कारण साठपैकी बहुतेकांचा त्या बागेशी, त्या रात्रीशी काही संबंध नाही. दोघांनाही आपापली चूक फळ्यावर लिहायला लावा. पूर्ण प्रोफाइलचे आकडे अब्जांच्या पलीकडे जातात, पण सख्ख्या भावाला तो आकडा लागू नसतो आणि एकसारख्या जुळ्यांना तर मुळीच नाही.

वाय-एसटीआरवर, म्हणजे फक्त पुरुषांत असणाऱ्या वाय गुणसूत्रावरच्या जागांच्या तपासणीवर, स्वतंत्र तास हवा. लैंगिक गुन्ह्यांत बाईच्या पेशींच्या गर्दीतून पुरुषाचा डीएनए वेगळा काढायला हे फार उपयोगी. पण वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे बहुतेक जसंच्या तसं जातं. बाप, भाऊ, चुलते, चुलतभाऊ, त्यांची पोरं, सगळ्यांचं तेच. वाय-एसटीआर भावकी ओळखतं, माणूस नाही. एका आडनावाच्या शंभर घरांच्या गावात याचा अर्थ काय होतो, हे शहरातल्या वकिलाला सांगावं लागतं, निफाडच्या वकिलाला लागत नाही. इथे प्रत्येक जागेच्या टक्केवारीचा गुणाकार करून मोठा आकडा काढता येत नाही. तसा काढलेला दिसला तर तोच मुद्दा.

डीएनए हातातून हातात जातो, याचं उदाहरण कॅलिफोर्नियातलं आहे. २०१२ मध्ये एका खुनात मृताच्या नखांत ज्याचा डीएनए सापडला, तो माणूस त्या रात्री दारूच्या नशेत रुग्णालयात होता. आधी त्याला रुग्णालयात नेणारे वैद्यकीय कर्मचारीच काही तासांनी खुनाच्या घरी गेले होते. हे उघड होईपर्यंत तो माणूस महिनोन् महिने तुरुंगात बसला.

पितृत्वाचे दिवाणी आणि कौटुंबिक अर्ज या वर्गात घेऊ नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११६ चं औरसपणाचं गृहीतक हा वेगळा, मोठा विषय आहे.

कागद मागायचा अर्ज

जेवणाआधी सगळ्यांनी एक अर्ज लिहायचा. अहवाल नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ खाली तज्ज्ञाला न बोलवता पुराव्यात येऊ शकतो. म्हणून सही करणाऱ्याचं पद त्या कलमाच्या यादीत बसतं का, की त्यासाठी शासनाची अधिसूचना लागते, ते आधी पाहा. ‘अहवाल मान्य’ अशी पर्सिस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) देण्याआधी दहादा विचार करा. एकदा दिली की ती फाइल परत उघडत नाही.

अर्ज त्याच संहितेच्या कलम ९४ खाली. मागणी मोघम नको, ‘सर्व कागदपत्रे’ लिहिलं की काहीच येत नाही. नावानिशी मागा: पोच आणि सीलची नोंद, डीएनए किती मिळाला त्या मोजणीचं पान, सर्व ग्राफ (आरोपीचा, कात्रीचा, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह कंट्रोलचा, रिएजंट ब्लँकचा), वापरलेलं किट, सीमारेषांचे आकडे, आकडेवारी कोणत्या लोकसंख्येच्या माहितीवर काढली ते, आणि दुसऱ्या तज्ज्ञाने तपासल्याची नोंद. कायद्याचा आधार साक्ष्य अधिनियमाचं कलम ४५: मत ग्राह्य असेल तर त्या मताची कारणंही ग्राह्य. अर्ज दोषारोपपत्र मिळाल्यावर लगेच द्या. तज्ज्ञ पिंजऱ्यात उभे असताना दिलेल्या अर्जाकडे न्यायाधीश कसं बघतात, हे मी सांगायला नको.

शेवटची दुपार: लुटुपुटूची साक्ष

खुर्च्या कोर्टासारख्या मांडा, एखादे निवृत्त न्यायाधीश मिळाले तर उत्तम. आणि भूमिका उलट करा: सरकारी वकिलाने उलटतपासणी घ्यायची, बचावाच्या वकिलाने सरतपासणी, म्हणजे साक्षीदार बोलावणाऱ्या बाजूची पहिली तपासणी. शक्य तर एका वकिलाला तज्ज्ञाच्या जागी उभं करा. दहा मिनिटांत त्याला घाम फुटतो.

साक्ष मराठीतच टाइप करून घ्या. खरी अडचण तिथे कळते. अहवालात इंग्रजीत असतं, की या माणसाला वगळता येत नाही. तज्ज्ञ बोलतात, ‘डीएनए जुळतो’. कागदावर उमटतं, ‘कात्रीवरील रक्त आरोपीचे आहे’. तीन वाक्यांत तीन वेगळे अर्थ, आणि अपिलात वाचलं जातं ते शेवटचं. म्हणून आम्ही तज्ज्ञांकडून काही वाक्यं घोटून घेतो: ‘तपासलेल्या जागांपैकी इतक्या जागांवर आकडे सारखे आहेत.’ ‘नमुन्यात किमान दोन व्यक्तींचा डीएनए आहे.’ ‘आरोपीला या मिश्रणातून वगळता येत नाही.’ ‘डाग कधी पडला हे या तपासणीतून सांगता येत नाही.’ ‘शंभर टक्के’ हा शब्द वर्गात जो उच्चारेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा, असा दंड आहे.

वकिलांसाठी ‘चूक होऊ शकते का’ हा प्रश्न बाद. त्याऐवजी: पाकीट आलं तेव्हा कशाचं होतं? पोच दाखवा. रिएजंट ब्लँकचं पान काढा. त्यावर शिखर आहे का? त्याबद्दल अहवालात काय लिहिलंय? प्रत्येक प्रश्नाला एक कागद. तज्ज्ञाशी वाद घालायचा नाही, त्याच्याच फाइलमधून वाचून घ्यायचं. सरकारी वकिलाने हेच सगळं सरतपासणीत स्वतःहून पुढे आणायचं. दुबळी बाजू आपण आधी सांगितली की तिचा धक्का जातो. ‘अहवालावर माझी सही आहे, मजकूर बरोबर आहे’ एवढ्यावर तज्ज्ञाला मोकळं करणारा सरकारी वकील स्वतःचाच पुरावा अर्धा ठेवून जातो.

निघताना प्रत्येकाकडून फाइल परत घ्या, झेरॉक्स कुणाला देऊ नका, आणि पुढच्या वर्गाआधी पेरलेल्या तिन्ही चुका बदला. बार रूममध्ये पेपर फुटायला एक कटिंग पुरतो.